ठसे उमटेपर्यंत

आमच्या मोठ्या जाऊबाईंना कॉलेजातल्या मुली बाटलीमावशी म्हणतात. नवख्या माणसाचा भलताच गैरसमज होतो, पण त्यांचं काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याचं. सव्वीस वर्षं झाली. मुलांनी रंग उडवून ठेवलेल्या परीक्षानळ्या, बुडाला काहीबाही जळून चिकटलेले चंबू, सगळं त्यांच्यासमोर येऊन पडतं. आधी अ‍ॅसिडाचं पाणी, मग साबण, मग दोनदा साधं पाणी. हातमोजे मिळतात, पण मोज्यातून नळी निसटते आणि फुटली की बोलणी खावी लागतात, म्हणून मोजे खुंटीवर आणि हात पाण्यात. घरी आल्या की परत आमची भांडी आहेतच.

मी त्यांना ताई म्हणते. मी घरी बसून शिवणकाम करते आणि तोंड चालवते, असं माझा नवरा म्हणतो. दोन्ही खरं आहे.

परदेशी जायचं हे ताई आणि त्यांच्या दोन मैत्रिणींचं पाच वर्षं चाललं होतं. एक कॉलेजच्या लायब्ररीतली, दुसरी ऑफिसातली टायपिस्ट. मधल्या सुट्टीत तिघी डबे उघडायच्या आणि कुठल्या तरी तळ्याचं, डोंगरावर जाणाऱ्या गाडीचं बोलायच्या. नुसत्या गप्पाच, असं मी धरून चालले होते. एक दिवस ताई पासपोर्ट घेऊन आल्या आणि माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? आठ दिवस त्या जाणार, म्हणजे आठ दिवस सासूबाई, स्वयंपाक, भांडी, सगळं माझ्या गळ्यात. "ह्या वयात काय नडलंय हो परदेशाचं?" असं मी तोंडावर म्हटलंसुद्धा. त्या नुसत्या हसल्या. त्यांचं हे हसणंच मला सहन होत नाही. भांडणाला कुणी समोर उभंच राहिलं नाही तर माणसाने काय करावं?

व्हिसाच्या कचेरीत त्यांच्याबरोबर मी गेले, कारण भाऊजींना वेळ नव्हता. भाऊजी म्हणजे ताईंचे यजमान. त्यांना कधीच वेळ नसतो. दोघी मैत्रिणी आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांचे कागद झाले, फोटो झाला, काचेवर बोटं ठेवली, हिरवा दिवा लागला, पाच मिनिटांत मोकळ्या. मग ताईंनी बोटं ठेवली. लाल दिवा.

खिडकीतल्या मुलीने काच पुसली. परत लाल. तिने ओला रुमाल दिला, कोरडा दिला, कसलंसं मलम लावून बघितलं, स्वतः उठून बाहेर आली आणि ताईंची बोटं एकेक करून काचेवर दाबली. मागे रांग खोळंबलेली. ताई ओशाळून मागच्या लोकांकडे बघत होत्या, जणू आपणच काही चोरलंय.

"मावशी, तुमच्या बोटांवर रेघाच नाहीत," ती मुलगी म्हणाली. "काय काम करता?"

"काही नाही गं, भांडी धुते," ताई म्हणाल्या.

मी त्यांचा हात ओढून बघितला. एकोणीस वर्षं एका घरात राहते, त्याच हातांनी मला बाळंतपणात न्हाऊ घातलंय, पण बोटं कधी निरखून बघितली नव्हती. साबणाची वडी झिजून झिजून गुळगुळीत होते, तशी दहाही बोटं. 

मुलगी भली होती. म्हणाली, असं होतं. पंधरा दिवस हातांना पाणी, साबण लागू देऊ नका. रोज तेल लावा. रेघा परत येतात. मग या, नाही उमटल्या तर मात्र अर्ज पुढे जाणार नाही.

पंधरा दिवस! तोवर मैत्रिणींची निघायची तारीख येणार होती. त्यांची तिकिटं पक्की, रजा मंजूर. लायब्ररीतली रडायलाच लागली, आम्ही नाही जात म्हणाली. ताईंनी तिलाच उलट समजावलं. "जा गं तुम्ही. माझं झालं तर झालं."

ताईंनी साठलेली सगळी रजा काढली. घरात मी सगळ्यांना उभं करून सांगितलं, की ह्यांच्या हाताला पाणी लागता कामा नये. भाऊजी म्हणाले, "एवढं काय त्यात, होईल सगळं." त्यांना काय जातंय म्हणायला! पहिल्या चार दिवसांतच माझ्या नाकी नऊ आले. ब्लाउज अर्धवट पडले, गिऱ्हाइकं दारात येऊन टोमणे मारू लागली, माझ्या बोटांना भेगा पडल्या. कंबर धरून मी ओट्याशी उभी राहायची आणि मनात म्हणायची, हे सगळं ही बाई कामावरून आल्यावर करते? आणि वर हसते?

आणि ताई? त्यांना बसता येत नव्हतं हो. खुर्चीत टेकायच्या, उठायच्या, कपाटाच्या घड्या मोडून परत घालायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला, तेवढ्यात भाऊजींनी चष्मा कुठाय म्हणून हाक मारली आणि त्या दचकून उठल्या. मग दुपारी डोळा लागला की कुणीतरी हाक मारायचंच. हात मोकळे दिसतायत म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाला त्यांच्याशीच काम.

नवव्या दिवशी सासूबाई अडून बसल्या. त्यांना ताईच न्हाऊ घालतात. मी घालीन म्हटलं तर म्हणाल्या, "तुझ्या हातचं नको. तू खसाखसा घासतेस." आठ दिवस कसंबसं अंग पुसण्यावर भागवलं होतं, आता केस धुवायचेच म्हणून हट्ट. मी गरम पाणी आणायला गेले आणि परत येते तर ताई बाह्या सरसावून बादलीपाशी बसलेल्या.

माझा तोल गेला. "उठा! पाण्यात बोट घातलंत तर बघा!" आणि सासूबाईंना म्हटलं, "आणि तुम्ही! इतकी वर्षं सेवा करून घेतलीत, पंधरा दिवस धीर धरवत नाही?" सासूला असं बोलायची माझी पहिलीच वेळ. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग ताईंच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "घाल मग. पण डोळ्यांत साबण गेला तर ओरडेन." ताई स्टुलावर हात मांडीखाली दाबून बसल्या आणि मला हळू, हळू म्हणत राहिल्या. सासूबाई दोनदा ओरडल्या. माझा इलाज नव्हता.

सोळाव्या दिवशी परत गेलो. तीच मुलगी. डाव्या हाताचा हिरवा लागला. उजव्याचा अंगठा तीनदा लाल झाला. चौथ्यांदा हिरवा लागला आणि मी तिथेच खिडकीवर हात आपटला, सगळी रांग वळून बघायला लागली.

व्हिसा आला तेव्हा मैत्रिणी जाऊन परतसुद्धा आल्या होत्या. भाऊजी म्हणाले, "आता एकटी कुठे जातेस? रद्द कर. पुढे बघू कधीतरी." माझा नवराही मान हलवत होता. मला वाटलं, झालं, ह्या आता हसणार आणि गप्प बसणार.

ताई म्हणाल्या, "आत्ता ठसे आलेत. कामावर गेले की परत पुसले जातील. मी जाते."

बस, एवढंच. आवाजही चढवला नाही.

विमानतळावर बॅग ओढत त्या आत गेल्या आणि मागे वळून बघितलं नाही. मला जरा लागलं, पण म्हटलं, जाऊ दे, बघतील तर परत फिरतील. पोचल्याचा दोन ओळींचा निरोप आला. नंतर दोन दिवस काही नाही. भाऊजी फोन लावायचे, तो बंद. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मशीनवर बसले होते, तेव्हा ताईंचा फोन आला. आवाज जड.

"बऱ्या आहात ना ताई? तळं बघितलं? त्या गाडीतून वर गेलात?"

"काही नाही बघितलं गं," त्या म्हणाल्या. "आले, दार लावलं आणि झोपले. मध्ये उठून खाल्लं, परत झोपले. इथे कुणी हाकच मारत नाही." मग जरा थांबून, "किती दमले होते मी, मला माहीतच नव्हतं. एवढ्या लांब येऊन झोपले म्हणतील. कुणाला सांगू नकोस हं." आणि रडायला लागल्या.

मी म्हटलं, "तळं कुठे पळून जात नाही, ती गाडीही नाही. तुम्ही फोन बंद करा आणि झोपा. काय काय बघितलंत ते मी सांगते सगळ्यांना."

फोन ठेवते तोच भाऊजी दारात. "काय म्हणते? मला दे, बोलायचंय. ती बँकेची पिशवी कुठे ठेवलीय विचारायचं होतं."

"आत्ताच होडीत बसल्या," मी म्हटलं. "तळं फार मोठं आहे म्हणे. उद्या संध्याकाळपर्यंत फोन लागायचा नाही."