बाहेरच्यांना कसं कळलं?

आमच्या पेठेने सलीमचाचांना फसवलं, आणि आता ती स्वतःलाही फसवते आहे.

दंगलीत चाचा त्यांच्या बांगड्यांच्या दुकानातच जळून मेले. आज शांतता सभेला जाताना मी तिथे थांबलो. राखेत वितळून एकमेकींत रुतलेल्या हिरव्या बांगड्यांचा गोळा पडला होता. पेठेतल्या प्रत्येक नवरीचा चुडा चाचांच्याच हातचा. माझ्या मुलीचाही. मी घासाघीस केली तेव्हा म्हणाले होते, "भाऊ, भाव तुमच्या भांड्यांत करा. लेकीच्या चुड्यात नको."

सभेत चहा आला आणि अध्यक्ष नानासाहेब म्हणाले, "झालं ते वाईटच. पण ते बाहेरचे लोक होते. आपली पेठ तशी नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. दंगल उसळली, दुकानं पेटली, माणसं गेली. बोलण्यात करणारा कुणीच नाही, जणू भूकंप झाला.

फुटपाथवर भांडी विकत मी दुकानापर्यंत आलोय. खोटा भाव मला ऐकताच कळतो. मी उभा राहिलो.

"नानासाहेब, चाचांच्या दुकानावर पाटी अजून जुन्या मालकाचीच होती, 'गजानन बांगडी भांडार'. दोन्ही बाजूंची दुकानं शाबूत आहेत. मग आत कोण बसतं, ते बाहेरच्यांना कसं कळलं?"

"बसा हो. जखमा उकरू नका."

मी बसलो नाही. ते दुकान कुणीतरी बोटाने दाखवलं. त्याच हातात आज इथला चहाचा कप असेल. तो हात कुणाचा, ते आधी सांगा. शांततेचं मग बोलू.