एका तासात कुवेत

कुवेतहून विमान एका तासात मुंबईला पोचतं, असं मी १९७६ साली घरच्यांना पटवून दिलं होतं.

मी तेव्हा भिवंडीच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. थोरला भाऊ, आमचा दादा, कुवेतला फिटर होता. दोन वर्षांनी तो पहिल्यांदाच घरी येणार होता. तो गेल्यावर जन्मलेली त्याची मुलगी सुशी त्याने फोटोतच पाहिली होती. त्याच्या पत्रात एवढंच होतं, की विमान तिथून सकाळी नऊला निघेल.

मी नकाशावर दोरा धरून अंतर मोजलं. प्रवास निघाला साडेतीन तासांचा. दोन्हीकडच्या वेळेत अडीच तासांचा फरक. तो वजा केला. दादा दहा वाजता मुंबईत!

"एका तासात?" आई म्हणाली. "आरं, आपल्याला इथल्या खारबावला जायला तेवढा वेळ लागतो."

मी तिला पृथ्वी फिरते वगैरे सांगितलं. ती गप्प बसली. (पृथ्वीचं नाव काढलं की ती गप्प बसायची.)

धामणकर नाक्यावरून भाड्याची जीप केली आणि साडेनऊलाच आम्ही सांताक्रूझच्या विमानतळावर हजर झालो. दहा वाजले, अकरा वाजले. चौकशीच्या खिडकीवर विचारा, असं वहिनीने दोनदा सुचवलं. भूगोलाच्या मास्तराने खिडकीवर विचारायचं, हे मला पटेना. साडेबारापर्यंत सुशीने नव्या फ्रॉकवर दोन केळी कुस्करली होती. शेवटी मी निकाल दिला, की दादा दुसऱ्या दाराने बाहेर पडून टॅक्सीने घरी गेला असणार. सगळ्यांना परत जीपमध्ये कोंबलं.

घराला कुलूप तसंच होतं. वहिनीने पत्र पुन्हा वाचलं. ती सातवी शिकलेली.

"भावोजी, आपल्याकडं दहा वाजतात तेव्हा तिकडं किती?"

"साडेसात."

"म्हणजे आपण विमानतळावर उभे होतो, तेव्हा हे तिकडं अंघोळ करत असतील."

मी हिशेब पुन्हा केला. अडीच तास मिळवायचे होते. विमान तीनला उतरणार होतं आणि आमच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

जीप दुसरं भाडं घेऊन गेलेली. मी एसटी धरली, ती कशेळीला ट्रकांच्या रांगेत अडकली. सांताक्रूझला पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. या वेळी खिडकीवर विचारलं. कुवेतची माणसं केव्हाच गेली, असं उत्तर मिळालं.

साडेआठला घरी आलो, तर दादा जेवत होता आणि सुशी त्याच्या मांडीवर झोपली होती. मला बघून त्याचा घास हातातच राहिला.

"तासभर ट्रंक घेऊन उभा होतो," तो हळूच म्हणाला. "घरचं एकपण माणूस न्हाय. वाटलं, आई गेली. टॅक्सीत डोळे मिटूनच बसलो. दारात तीच उभी दिसली, तेव्हा जीव भांड्यात पडला."

मी हातपाय धुऊन पाटावर बसलो. आईने मला पान वाढलं आणि भातावर नेहमीसारखं तूपही घातलं. ते जास्त लागलं.

दोन महिन्यांनी दादा परत निघाला. घरातून किती वाजता निघायचं, ते वहिनीने ठरवलं आणि सगळं वेळेवर झालं. मलाही एक काम दिलं होतं. ट्रंकेचं झाकण लागत नव्हतं, त्यावर बसायचं. ते मी अगदी बिनचूक केलं.