आईने निवडलेली पॉलिसी

काल बँकेत एक बाई फॉर्म डोळ्यांजवळ धरून त्यातली बारीक अक्षरं वाचत होत्या. मागची रांग कुरकुरत होती, पण त्या हलल्या नाहीत. मला एकदम आई आठवली.

बाबांना मधुमेह निघाला, त्या वर्षी आरोग्य विम्याचा एजंट घरी आला होता. त्याने सगळ्यात स्वस्त पॉलिसी पुढे केली. सातवी शिकलेली, पोळी-भाजी केंद्र चालवणारी माझी आई म्हणाली, "कागद ठेवून जा. वाचून सांगते."

दोन दिवसांनी तो आला तेव्हा तिने विचारलं, "मधुमेहातून काही उद्भवलं, तर ही पॉलिसी पहिली तीन वर्षं एक पैसा देणार नाही. खरं ना?"

तो चपापला. "हो काकू, पण हप्ता बघा किती कमी आहे!"

"मग वर्षभरात लागू होणारी दाखवा."

"ती महाग पडेल."

"पडू दे. भाजी घेतानासुद्धा मी नुसता भाव बघत नाही."

निवडीचा हक्क सगळ्यांनाच असतो म्हणतात. पण चार माणसांत न लाजता प्रश्न विचारणाऱ्यालाच तो खरा मिळतो, हे मी त्या दिवशी आईकडून शिकले.

दोन वर्षांनी मधुमेहामुळेच बाबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली. जवळजवळ सगळा खर्च विम्यातून मिळाला. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी बाबांना विचारलं, "एवढी चांगली पॉलिसी कुणी सुचवली हो?"

टाके दुखत होते, तरी बाबा उशीला टेकून ताठ बसले आणि म्हणाले, "आमच्या हिने."