चिमटा सरळ झाला तरी

पेणच्या वाटेवर निडी गावाच्या अलीकडे खड्ड्यात मोटारसायकल आपटली आणि बायको मागच्या सीटवरून पडली. मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं त्या दिवशी तिने जाहीर केलं, "या खटाऱ्यावर परत बसायची नाय." तेव्हापासून पेणला तिच्या माहेरी जायचं तर ती एसटीने आणि मी गाडीवर. वाटेत मी तिच्या एसटीला मागे टाकायचो, तर बाईसाहेब खिडकीतून बघायच्याही नाहीत. मला भारी राग यायचा. आणि खोटं कशाला बोलू, मागची सीट रिकामी घेऊन जायला अजिबात करमायचं नाही.

कंपनीतून रिटायर झाल्यावर मी गाडी पुरती खोलली. आमच्या लग्नाच्या आधीची, काळी, जड, चार लाथा खाल्ल्याशिवाय चालू न होणारी. ती डावीकडे ओढते ही बायकोची जुनी तक्रार, आणि ओढायची हे खरंच. दोष चिमट्यात असणार. पुढच्या चाकाला दोन अंगांनी धरणाऱ्या दोन नळ्या म्हणजे चिमटा. गाडी आपटली की त्या एकमेकींना तिरक्या होतात. नळ्यांवर दोन सपाट काचा आडव्या ठेवायच्या, एक वर, एक खाली, आणि एक डोळा मिटून बघायचं. दोन्हींच्या कडा जुळल्या की नळ्या सरळ. काचा मी शोकेसमधून काढल्या.

"कपबशा पलंगावर कुणी मांडल्या?" आतून आवाज आला.

"तुझ्यासाठीच चाललंय गो!"

"माझ्यासाठी नको. मी एसटीने जाते."

कडा जुळत नव्हत्या. बोल्ट ढिले केले, एक नळी जराशी फिरवली. जास्त झालं. परत उलटी फिरवली. दुपार त्यातच गेली. शेवटी कडा जुळल्या तेव्हा शाबासकी द्यायला जवळ कोणी नव्हतं, म्हणून माझी मीच दिली. चाक चढवलं, पुढचा ब्रेक धरून गाडी खालीवर दाबली, नळ्या जागेवर बसल्या तसे बोल्ट आवळले. सकाळी नदीवरचा पूल मोकळा असताना हात सोडून बघितलं. गाडी नाकासमोर गेली.

मग आठवडाभर मिनतवाऱ्या. शेवटी ती म्हणाली, "पुलापलीकडं अष्टमी गावापर्यंतच हां." साडी सावरून, नेहमीसारखी डावीकडे पाय सोडून बसली. पुलाच्या मध्यावर गाडीने डावीकडे ओढ घेतली. पलीकडे पोचल्यावर ती उतरली.

"ओढते अजून."

"अगो, एकट्याला सरळ जाते!"

"मग एकटेच जावा."

हे मला लागलं. ती चालत परत निघाली, मी तिच्या बाजूने गाडी ढकलत. पूल ओलांडताना ती म्हणाली, "तुमाला त्या दिवशी खड्डा दिसला तरी. मला एकदम जमीनच दिसली." घरी येऊन गाडीवर गोणपाट टाकलं आणि विकायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी गिऱ्हाइकाकडे निघालो, तर बायको दारात उभी. अंगात लेकीचा पंजाबी ड्रेस, ओढणीची कमरेला गाठ. जन्मात तिने असलं काही घातलं नव्हतं.

"हसलात तर याद राखा. मी नेहमी एकाच अंगाला बसते, माझं ओझं काय हलकं हाय? गाडी ओढणारच. काढा ते गोणपाट, पेणला जाऊ."

माझा खांदा धरून तिने पाय पलीकडे टाकला. गुडघा कुरकुरला, तिने शिवी हासडली, पण बसली. गाडी सुतासारखी चालली. शेजारीपाजारी बघत होते, बघू देत.

निडीजवळचा खड्डा तसाच होता. आमच्याकडे खड्डे बुजत नाहीत, वाढतात. ती माझ्या खांद्यावरून पुढे वाकली.

"अहो, पुढं खड्डा हाय. उजव्या अंगाने घ्या."

मला तो केव्हाच दिसला होता. "व्हय," म्हणालो आणि उजवीकडून घेतली.