हातानं कालवलेली चटणी

कस्तुरामावशी लातूरकडची. नवरा चाकणला पत्रा दाबणाऱ्या मशिनींच्या प्रेस शॉपमध्ये होता, तो अपघातात गेला आणि मावशीनं तळवड्यात डबे सुरू केले. पहिल्या शिफ्टची चाळीस पोरं तिच्या दारातून डबा उचलायची; मी तिच्याच इमारतीतला. भाजी-भाकरी कुठंही मिळते, पोरं चटणीसाठी यायची. मिरची, लसूण, कोथिंबीर, शेंगदाणे पाट्यावर वाटून मावशी वर पाणी घालायची आणि हातानं कालवायची. "चमचा लागला की मरती ती," म्हणायची.

गेल्या ऑगस्टात टायफॉइडनं अकरा पोरं पडली. सगळी तिच्याच डब्यावरची. त्यातला ज्योतीराम आतड्याला भोक पडून गेला. नांदेडचा, चोवीस वर्षांचा. रविवारी मावशीचा सिलिंडर तोच वर चढवायचा.

शेजारची शालनबाई जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्यांच्या हातचं खाल्ल्यावर दुसरं काय व्हणार?"

'त्यांच्या' म्हणजे कुणाच्या, हे मावशीला आणि मला, आम्हा बौद्धांना, कुणी समजावून सांगावं लागत नाही. माझं डोकं सटकलं. महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटला, "आधी इमारतीची टाकी तपासा!"

"तपासली," डॉ. अंजली शांतपणे म्हणाल्या. "त्यात काही नाही. आता मावशींच्या शौचाची तपासणी करू."

मावशी तयार नव्हती. "मला ना ताप, ना काही. कशाला रे भूषण?"

"द्या मावशी. या लोकांची तोंडं मी कागदानं बंद करतो."

माझ्या शब्दावर तिनं सॅम्पल दिलं.

महिन्याभरानं रिपोर्ट आला. सरकारी प्रयोगशाळेत जीनोम सिक्वेन्सिंग केलं होतं, म्हणजे जंतूच्या आतलं लिखाण अक्षर न् अक्षर वाचलं होतं. ज्योतीरामच्या रक्तातला जंतू आणि मावशीच्या पोटातला. अठ्ठेचाळीस लाख अक्षरं, फरक दोनाचा.

"म्हणजे?"

"जंतू एकच आहे, भाऊ."

दहावी नापास असलो तरी सरकारी कागद मला वाचता येतो. तीनदा वाचला. गावाकडे कधीकाळी मावशीला मुदतीचा ताप, म्हणजे हाच टायफॉइड, आला होता. ती बरी झाली, जंतू पित्ताशयात राहून गेला. तिला त्यानं कधी त्रास दिला नाही, पण शौचावाटे तो तिच्या हातावर यायचा. भाजी-भाकरी विस्तवावरून उतरलेली असायची. चटणी तेवढी कच्ची.

शालनबाईला मी जिन्यातच सुनावलं, तिच्या पोटातही तो असाच बसला असता, जात विचारून येत नाही तो. पण आवाजात जोर नव्हता.

मावशीला मीच सांगितलं. तिनं पाटा उचलून भिंतीला उभा केला. मग म्हणाली, "ज्योतीरामला मी दुप्पट घालायची. आवडायची त्याला."

चार आठवडे गोळ्या, मग महिन्या-महिन्यानं तीन तपासण्या. तिन्हींत जंतू नाही. डॉक्टरांचा दाखला घेऊन मी पळत गेलो.

"मावशी, बघा! करा चालू डबे. आज पहिली चटणी मला."

ती उठली. साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले. धुऊन धुऊन बोटांना चिरा पडल्या होत्या. मिरच्या, लसूण, कोथिंबीर, शेंगदाणे आणि पाटा तिनं माझ्यापुढं मांडला.

"तू वाट. मीठ किती, ते मी सांगते."

मी वाटली. पाणी घातलं. कालवायला हात पुढं केला, तर तिनं माझं मनगट धरलं आणि चमचा पुढं सरकवला.