पडद्याबाहेरचा बाक

आम्ही तिघी अजूनही एकत्र जमलो की घरातलं कुणीतरी विचारतंच, "तुमच्याजवळ हॉटेलचे एवढे किस्से आले तरी कुठून?" आले कुठून म्हणजे काय! हॉटेलात बसू नका म्हणून सांगणारे गावभर होते. जितके सांगणारे, तितके किस्से. आम्हाला निवांत चहा पिऊ दिला असता तर आज सांगायला काही उरलंच नसतं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. रिसोडला एका शाळेत आम्ही तिघी मास्तरणी होतो. नलू देशमुखांची, बोलायला फटकळ. शकू अंगानं दणकट, आणि आवाज असा की प्रार्थनेला माइक लागत नसे. तिसरी मी, सुमन. शेलूबाजारकडच्या खेड्यातली, बौद्ध घरातली, आमच्या घरातली पहिली नोकरदार.

नलूला आणि शकूला हॉटेलात बसायचं होतं, कारण तिथं भजी गरम मिळत. मला बसायचं होतं, कारण माझ्या गावच्या हॉटेलात माझ्या माणसांना आत पाऊल टाकू देत नसत. भजी मलाही आवडत, ती गोष्ट वेगळी!

*

हॉटेल म्हणजे एसटी स्टँडसमोरचं टिनाचं शेड. पुढं भट्टी, कढई, गल्ल्यावर मालक गुलाबभाऊ, त्याच्या डोक्यावर रेडिओ. मध्ये चार बाक. आणि मागं, मळक्या पडद्याआड, 'फॅमिली रूम'.

पहिल्यांदा गेलो ते ठरवून नव्हे. ट्रेनिंगहून परत येताना एसटी बंद पडली, सकाळपासून पोटात काही नव्हतं. स्टँडवर उतरलो आणि सरळ आत शिरलो. आत शिरताच रेडिओ सोडून सगळं हॉटेल गप्प झालं.

गुलाबभाऊनं आमच्याकडे पाहिलंच नाही. तो आमच्या मागं पाहत होता. मागून कुणीतरी पुरुष येईल म्हणून वाट बघत होता बिचारा. कुणी येईना.

"बाई, संगं कोन हाय तुमच्या?"

नलू म्हणाली, "भूक हाय. आलुबोंडे आन."

आलुबोंडे आले, पण पडद्यामागं. फॅमिली रूममध्ये आलूची दोन पोती, कांद्याचं एक, रॉकेलचा डबा आणि झोपलेली मांजर होती. तिघींना मिळून दीड बाक. शकू उभ्यानंच खात म्हणाली, "हे फॅमिली तर आपल्या पयलेपासूनच इथी राहून राह्यली!"

*

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर पुन्हा गेलो. आता मात्र ठरवून.

गुलाबभाऊनं बोट दाखवलं, "तथी. पडद्यामागं."

मी पडदा पाहिला. त्याला लोकांनी हात पुसले होते, तोंडं पुसली होती, आणखी काय काय पुसलं होतं ते न सांगितलेलं बरं. मी बाकावर चढले, दोरीवरून पडदा काढला, नीट चौघडी घातली आणि गल्ल्यावर नेऊन ठेवला.

"धुवाले टाका, भाऊ. लय कळकट झाला. धुतल्याबिगर आमी त्याच्यामागं बसत नाई."

आणि तिघी पुढच्या बाकावर बसलो. पडदाच नाही म्हटल्यावर मागं बसवणार कसं! गुलाबभाऊ पडद्याकडे पाहत राहिला. भजी आली. पुढच्या बाकावर खाल्लेली ती पहिली भजी. थोडी करपली होती, पण मी एकसुद्धा सोडलं नाही.

पुढच्या शनिवारी पाहतो तर काय, पडदा धुतलेला, खळ घालून इस्त्री केलेला! गुलाबभाऊच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद.

"आता बसा. झाला साफ."

शकूनं पडद्याला हात लावून पाहिला. "बाप्पा! एवढा साफ? नाई व, आपल्या तेलाच्या हातानं खराब होईन." आणि ती पुढच्या बाकावर जाऊन बसली.

*

मग एक गंमत झाली. आम्ही पुढं बसायला लागलो तशी पुरुषांची पंचाईत झाली. आमच्या वर्गातल्या मुलींचे बाप, काका, आजोबा सगळे तिथलेच गिऱ्हाईक. मास्तरणीसमोर भजी कशी खायची? बोटं कशी चाटायची? बशीत चहा ओतून फुर्रकन कसा ओढायचा? दोन-तीन आठवड्यांत लाजाळू मंडळी एकेक करून पडद्यामागं जाऊन बसायला लागली. आलूच्या पोत्यांवर!

आमच्याविरुद्ध तक्रारी सुरू झाल्या त्याही याच सुमाराला. एका सोमवारी हेडमास्तरांनी ऑफिसात बोलावलं. सर मोठे सोवळ्याचे. दर एकादशीला आम्हाला उपासाचं महत्त्व सांगायचे, मलासुद्धा.

"शिक्षिकांनी हॉटेलात बसणं शोभत नाही. परवा तर तुम्ही तिघी केवढ्यानं हसत होतात. शकुंतलाबाई, तुम्ही टेबलावर हात आपटलात."

शकू म्हणाली, "हो सर, आपटला. पण सर, तुम्ही कुठं होतात? आम्हाला दिसला नाहीत."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. नलूनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. परवा एकादशी होती.

नलू अगदी अदबीनं म्हणाली, "सर, आतल्या बाजूला भजी गरम येतात का?"

त्यानंतर ऑफिसातून बोलावणं आलं नाही.

*

कुटुंब नियोजनाचा जोर होता तेव्हाचा किस्सा. शिक्षकांना केसेस आणायचं टार्गेट दिलेलं. ऑपरेशनला माणूस आणा, नाहीतर पगार अडकला म्हणून समजा. आम्ही दिवसभर घरोघर फिरायचो. लोक आम्हाला पाहून दारं लावून घ्यायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं. आम्हालाही ते काम नकोच होतं.

अशाच एका दुपारी दमून भागून हॉटेलात शिरलो. हातात सरकारी पिशव्या. बाजाराचा दिवस, चारही बाक भरलेले. आम्हाला पाहिलं आणि एक जण उठला. मग दुसरा. मग सगळे! अर्धे मागच्या दारानं, अर्धे आमच्या अंगावरून. पडद्यामागूनही पळापळ ऐकू आली. मिनिटाभरात हॉटेल रिकामं, आणि बाकांवर गरम भज्यांच्या प्लेटी वाफाळताहेत.

गुलाबभाऊ रडकुंडीला आला. हात जोडून म्हणाला, "बाई, तुमच्या पाया पडतो. हे गिऱ्हाईक पाहा ना कसं पळून राह्यलं! धंदा बसला माहा. आजच्या दिवस तरी पडद्यामागं बसा."

नलूनं शांतपणे एक भजं उचललं.

"बसतो ना. पन गुलाबभाऊ, तुमाले लेकरं किती?"

गुलाबभाऊला सात. रेडिओ चालू, कढईत तेल तापलेलं, गल्ला उघडा. आणि गुलाबभाऊ भरबाजारात दिसेनासा झाला!

आम्ही बराच वेळ थांबलो. तिघींनी मिळून हॉटेल सांभाळलं. शकूनं दोन घाणेसुद्धा काढले.

*

नलूला बघायला पाहुणे आले. मुलगा बरा होता, बँकेत होता. बोलणी मात्र मुलाचे काका करत होते, रिसोडला नेहमी येणं-जाणं असलेले. पोहे खाल्ले, चहा प्यायले आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आमच्या कानावर आलं, पोरगी हॉटेलात बसते. मानसायसमोर. खरं हाय काय?"

नलूचे वडील पांढरे पडले. तिची आई आतून नुसती बांगड्या वाजवत राहिली. मी आणि शकू दाराशी. त्या दिवशी खरं सांगते, मला भीती वाटली. नलूचं लग्न मोडलं तर सगळे म्हणणार, त्या सुमीच्या नादानं मोडलं. माझ्यावर ढकलणं सगळ्यात सोपं होतं.

नलू मान खाली घालून बसली होती. तशीच म्हणाली, "खरं हाय, काकाजी. पन तुमी पडद्यामागं बसता, त्या कोन्यात भजे थंडे येतात. आमच्या बाजूले या ना कधी."

काकांचा मिशीवरचा हात जागच्या जागी थांबला. मुलगा मात्र हसला. खो खो हसला.

लग्न त्याच्याशीच झालं. काका लग्नात जेवले नाहीत म्हणतात. मी तर त्यांना दोनदा जिलेबी घेताना पाहिलं.

*

सगळेच किस्से हसण्यासारखे नाहीत.

एकदा शाळेच्या कामानं बाहेरगावी गेलो होतो. रस्त्याकडेचं एक लहानसं हॉटेल. शकूनं तीन चहा सांगितले. मालकानं विचारलं, बाई कुठल्या, कोणाच्या. नलूनं आडनाव सांगितलं, शकूनं सांगितलं. मीही सांगितलं. लपवायचं कशाला?

मालक गोड बोलला. त्या गोड बोलण्याचा मला आजही राग येतो. "बाई, तुमी बाहेर बसा ना त्या दगडावर. बाहेर हवा लय चांगली येऊन राह्यली."

नलू उसळून उठायला लागली. मी तिचा हात दाबला. हे माझं होतं, तिनं का भांडायचं? मीच उठले, गल्ल्यापाशी गेले आणि म्हणाले, "एवढी चांगली हवा येऊन राह्यली तर तुमीच बसा न बाहेर. गल्ल्यावर मी बसतो."

त्याला वाटलं, बाई गंमत करते. मी खरोखरच त्याच्या खुर्चीत बसले. बसले ती उठेचना! गिऱ्हाईक पैसे द्यायला आलं, मी घेतले, सुटे परत दिले. दुसरं आलं, त्याचेही घेतले. मालक समोर उभा, तोंड उघडं. मला हात लावून उठवायची सोय त्यालाच नव्हती!

शेवटी त्यानं आमचे तीन चहा आतल्या टेबलावर आणून ठेवले. सारख्या कपात. मी खुर्ची सोडली. चहा गार होता आणि साखर कमी होती. पूर्ण प्यायले.

*

आता शेवटचा.

माझी माय रिसोडला आली होती, माझी खोली पाहायला. गुरुवार, बाजाराचा दिवस. मी म्हटलं, माय, चाल, हॉटेलात चहा पिऊ. ती चालायला लागली. मला वाटलं, ही तयार झाली. स्टँडसमोर पोचलो, नलू आणि शकू आत जाऊन आमच्या बाकावर बसल्या, आणि माय पायरीखालीच थांबली.

"तुमी प्या. मी इथी बरी हावो."

मी म्हटलं, आत चाल. ती ऐकेना. पदर डोक्यावर ओढून भट्टीच्या बाजूला उभी राहिली आणि भिंतीवर काहीतरी शोधायला लागली. ती काय शोधतेय ते मला समजलं. आमच्या गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप बाहेर भिंतीतल्या कोनाड्यात असत. आपला कप आपण काढायचा, खाली धरायचा, मालक वरून चहा ओतणार. उभ्यानं प्यायचा, आपणच धुवायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा. मायनं जन्मभर चहा असाच प्यायला होता.

गुलाबभाऊच्या भिंतीत कोनाडा नव्हता.

हॉटेल गच्च भरलेलं. सगळे आमच्याकडे पाहत होते. गुलाबभाऊही पाहत होता. या म्हणत नव्हता, नको म्हणत नव्हता. एवढे दिवस आम्ही त्याला छळलं, त्यानं आम्हाला छळलं, पण आज तो कोणत्या बाजूला आहे हे मला कळेना. आज जर ही बाहेर उभी राहून चहा प्यायली, तर मी इथं बाकावर बसले काय आणि नाही काय, सगळं वाया.

ओढून नेलं असतं तर ती आली असती. पण मला ते नको होतं. मी म्हटलं, "माय, मी इथी दर शनिवारी बसतो. त्या बाकावर. त्या दोघीच्या मधात."

मायनं बाकाकडे पाहिलं. नलूकडे पाहिलं, शकूकडे पाहिलं. शकू सरकली. माय पायरी चढली. कुणाकडेही न पाहता आत आली, पदरानं बाक पुसला आणि दोघींच्या मधोमध बसली. मला जागाच उरली नाही. मी उभी!

चहा आला. कपबशीत. मायनं कप उचलला, पण प्यायली नाही. कडेवरून बोट फिरवलं. कप उजेडाकडे धरला. या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. आणि पुन्हा बशीत ठेवून दिला.

हॉटेलात सगळ्यांचे हात थांबले.

गुलाबभाऊ गल्ल्यावरून म्हणाला, "काय झालं, मावशी?"

माय सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कप धूत नाई काय रे तुमी? आमचा आमी धुवो, तो याच्यापक्षा साफ राहे."

रेडिओवर बाजारभाव चालू होते. गुलाबभाऊ उठला, स्वतः आला, मायच्या पुढचा कप उचलला आणि बाहेर पाण्याच्या टाकीकडे निघाला.

तो पायरी उतरत होता तेवढ्यात माय मागून ओरडली,

"अन् बशी राह्यली न, बाप्पा!"