ट्रॉली माझी, ट्रॅक्टर त्याचा

दुष्काळाच्या त्या सालात लोक पाण्याच्या मागे होते आणि मी चुलतभावाच्या. त्याची जिरवायची, एवढा एकच विचार घेऊन मी उठायचो. वाटणीत ट्रॅक्टर त्यांच्याकडे गेला, ट्रॉली आमच्याकडे आली. तेही सोसलं असतं. पण पंचांसमोर हा दात काढून म्हणाला, "त्यांना ट्रॉलीच द्या. मागं मागं यायची सवयच हाय त्यांना." अख्खा पार हसला. माझे वडील तेव्हा हयात नव्हते आणि आई पारासमोरच्या आमच्या दाराआडून ऐकत होती. त्या दिवसापासून आमच्या दोन घरांत अबोला.

अबोला माणसांचा. जनावरं दोन्ही दावणींना उपाशी होती. आमच्याकडे एक गाय, त्यांच्याकडे एक बैल, एवढीच उरलेली. राहुरीकडच्या पाटाखालच्या एका पाहुण्यानं आमच्यासाठी कडबा राखून ठेवला होता. तो आणायला ट्रॅक्टरही हवा आणि ट्रॉलीही हवी, म्हणून पंचांनीच जुळवून दिलं, कडबा निम्मा निम्मा.

निघायच्या आदल्या दिवशी ट्रॉलीच्या चाकांत ग्रीस भरायचं होतं. पण ग्रीसगन ट्रॅक्टरबरोबर त्याच्या वाटणीला गेलेली. त्याच्या दारात जाऊन मागू? माझं खेटर मागेल! बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालतात ना, तेच केलं. एरंडेलात चिंध्या भिजवल्या, चाकांच्या मधल्या तुंब्यांत, आसाभोवती कोंबल्या आणि वरून टोपणं ठोकून बसवली. मोठा शहाणा!

जाताना ट्रॉली रिकामी होती, काही झालं नाही. येताना ती शिगोशीग भरली. तो पुढं ट्रॅक्टरवर, मी मागं कडब्यावर, आणि सकाळपासून एकमेकांशी एक अक्षर नाही. नगर मागं पडलं आणि जळका वास यायला लागला. रबराचा म्हणावा तर रबराचा नाही, डिझेलचा तर मुळीच नाही. मला लगेच वाटलं, क्लच! चालवताना क्लचवर पाय ठेवून बसायची त्याची खोडच होती. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! जळू दे, म्हटलं, होऊ दे लेकाच्या क्लचची राख, मग बघू कोण कुणाच्या मागं येतंय.

कामरगावच्या घाटाखाली चहाला थांबलो. तो आपला ग्लास घेऊन ट्रॉलीच्या पलीकडे सावलीला गेला. मी ट्रॅक्टरभोवती फिरलो. इंजिन हुंगलं, बॅटरीच्या वायरी हुंगल्या, वाकून क्लचच्या खाली नाक नेलं. तिथं वास कमी होता आणि मागं सरकावं तसा वाढत होता. नाकाला कळलं होतं, मला कळून घ्यायचं नव्हतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! माझ्या चाकांकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. क्लचच आहे असं ठरवलं आणि मिशीत हसत पुन्हा कडब्यावर चढलो.

घाट चढून सुप्याच्या अलीकडे आलो आणि ट्रॉलीच्या डाव्या चाकातून धूर निघाला. मी बघतोय तोवर चाकावर लोंबणारी पेंढी भडकली. चुलतभावानं मागं वळून पाहिलं आणि बोंब ठोकली, "दादा, उडी टाक! अरं टाक उडी!"

आठ महिन्यांनी त्यानं मला दादा म्हटलं. मी उडी टाकली. त्यानं ट्रॅक्टर जरा मागं रेटला, मी पीन उपसली आणि ट्रॅक्टर सुटला. मग दोघांनी दुसऱ्या बाजूनं पेंढ्या ओढायला सुरुवात केली. पण वारं सुटलेलं, आणि त्या साली पाणी आणायचं कुठून? हाताचे केस जळाले तेव्हा मागं सरलो. अर्ध्या तासात लोखंडी सांगाडा उरला.

"तुला वास आला न्हाई?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो.

"आला की, नगरपासनं. चहाच्या टायमाला चाकाला हात लावला, तर चटका बसला."

"मग बोल्ला का न्हाईस?"

"ट्रॉली तुमची." मग त्यानं विचारलं, "आन तुला न्हाई आला?"

"आला. मला वाटलं, तुझा क्लच."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, इथं दोघांनीही कापून घेतलं होतं. त्यानं मडगार्डवर बसायची खूण केली. मी थुंकलो आणि पायी घरी गेलो. आईला सांगितलं की त्यानंच जाळलं, आणि तिनं ऐकून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात गाय बसली ती उठली नाही. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली असताना शेजारीण सांगत आली, की चुलतभावाकडचा बैलही पहाटे गेला. गाय समोर मरून पडलेली, तरी माझ्या तोंडातून निघालं, "बरी जिरली!"

आईनं मान वर केली.

"मुडद्या, त्यो बैल बी मीच वाढवला हुता. ह्याच हातानं."

तिनं गायीचं डोकं हळूच खाली ठेवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि वाटणीपासून न ओलांडलेला चुलतभावाचा उंबरा ओलांडायला निघाली. मला तिनं चल म्हटलं नाही.